फ्रेममधला जुना फौजी फोटो काचेला चिकटतो, डाग पडतात : आधी काय पाहायचं अन् कुठं थांबायचं

पितरांचे दिवस आले की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, आबाजीचा मिल्ट्रीतला फोटो काचेले चिकटला, तुमी काढून द्या ना." दर वर्षी घर वेगळं, रोग तोच. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, पुलगाव, देवळी या पट्ट्यात जुन्या फौजी लोकांचे फोटो गोळा करतो, म्हणजे मूळ फोटो कोणाचा घेत नाही, घरी जाऊन कॅमेऱ्यानं कॉपी काढतो अन् बदल्यात फ्रेम नीट करून देतो, त्यामुळे हे फ्रेमा उघडायचं काम आता हातात बसलंय. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, लांबेल थोडं, पण ज्याच्या घरी असा फोटो आहे त्यानं पूर्ण वाचा अन् मगच खिळे उपटायला बसा.

कशालाही हात लावायच्या आधी एक काम. फ्रेम भिंतीवरून उतरवा, खाटेवर आडवी ठेवा अन् आहे तशी, काचेसकट, मोबाईलनं फोटो काढून घ्या. पुढून, मागून, चारही कोपरे. काच मळकी असू द्या, चमक येऊ द्या, तरी काढा. यापुढे काही बिघडलंच तर चेहरा तरी हातात राहील.

लक्षणं

खोलीतला लाइट बंद करा, मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून बाजूनं आडवा मारा अन् वरून पाहा. समोरून मारला तर नुसती चमक दिसते, आडव्या उजेडात मात्र सगळं उघडं पडतं.

काचेआड तेल सांडल्यासारखे गडद, ओलसर, चकचकीत डाग दिसत असतील अन् बाजूचा भाग फिक्कट कोरडा असेल, तर तिथं फोटो काचेला चिकटला आहे किंवा चिकटायच्या बेतात आहे. हे डाग बहुतेक मधातच असतात, चेहऱ्यावर नाहीतर छातीवर. त्याचं कारण पुढे येईल.

पांढरी किंवा काळपट जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले धागे, ही बुरशी. ती काचेच्या आतल्या बाजूनं आहे की फोटोवर आहे ते टॉर्च हलवून पाहा, बुरशीची सावली फोटोवर पडून सरकत असेल तर ती काचेवर आहे, अन् तसं असेल तर नशीब चांगलं.

कडा कुरतडल्यासारख्या, वरचा थर वेड्यावाकड्या नागमोडी रेषांत खरवडल्यासारखा दिसतो, ही कसर. चंदेरी, चपळ, उजेड लागला की पळते. तिला खळ अन् फोटोवरचं जिलेटीन दोन्ही आवडतं अन् आपल्या फ्रेमेत दोन्ही भरपूर असतं.

खालच्या कडेला लाटा आल्यात, तपकिरी रेघ उमटलीय, म्हणजे पाणी आत गेलंय.

दोन लक्षणं अशी आहेत की ज्याचं काही करायचंच नाही. एक, काळ्या भागावर कडेकडेनं निळसर चंदेरी झाक. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चित्र असतं तेच मुळी चांदीच्या बारीक कणांचं, ओल अन् हवेतला गंधक लागून ती चांदी वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येते. लोक तिला मळ समजून पुसतात अन् चित्रच पुसून जातं. दोन, फोटो सगळाच्या सगळा पिवळा पडून उडत चाललाय. स्टुडिओत त्या वेळी धुलाई कमी झाली अन् हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायचं रसायन, कागदात राहिला की असं होतं. घरी इलाज नाही, कॉपी काढून ठेवा.

पहिलं : फोटो टांगला कुठं आहे

याला पैसा लागत नाही अन् निम्म्याच्या वर केसेस इथंच सापडतात.

फोटोचा वरचा थर जिलेटीनचा असतो. हवेतली ओल तो शोषतो, फुगतो, नरम पडतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तो चिकट व्हायला लागतो अन् बुरशीलाही तेवढीच हवा पुरते. मग आपल्याकडे उन्हाळ्यात हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. तेव्हा तोच थर आकसतो, जिथं चिकटला तिथं अजून घट्ट बसतो, बाकीचा ओढला जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग वाढतो. "मागच्या वर्षी इवलासा होता ना बाप्पा" असं लोक म्हणतात ते याच्यामुळेच. फोटोचं वय झालं म्हणून चिकटत नाही, दर वर्षी हा फुगण्या-सुकण्याचा फेरा होतो म्हणून चिकटतो.

आता यात पावसाळा तर आहेच, पण खरा गुन्हेगार लय लोकांच्या ध्यानातच येत नाही. कूलर. बैठकीत एका खिडकीला कूलर बसवतात अन् बरोब्बर त्याच्या समोरच्या भिंतीवर आजोबा. म्हणजे ज्या मे महिन्यात बाहेर हवा हाडासारखी कोरडी असते त्याच महिन्यात या फोटोवर दिवसभर ओला वारा, रात्री कूलर बंद, लाइट गेली की दुपारीच बंद, परत चालू. पावसाळ्यात एकदा होणारा फेरा इथं रोज होतो. पुलगावकडच्या एका घरी दोन भावांचे फोटो शेजारी शेजारी होते, एकाच स्टुडिओतले, एकाच मापाचे, एकाच माणसानं फ्रेम केलेले. कूलरच्या झोतातला चिकटला, दाराच्या आडोशाला असलेला कोरडाच्या कोरडा. घरच्यांचं म्हणणं होतं की स्टुडिओवाल्यानं एकाचा कागद हलका वापरला. कागद दोन्हींचा सारखाच होता, मी मागून पाहिला.

दुसरं, भिंत. पाऊस ज्या बाजूनं झोडपतो ती भिंत, संडास-न्हाणीला लागून असलेली भिंत, अन् मातीची भिंत असेल तर तिचा खालचा भाग, हे तिन्ही नको. शंका असेल तर प्लास्टिकच्या पन्नीचा वितीएवढा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा अन् दोन दिवस राहू द्या. पन्नीच्या आत थेंब आले किंवा भिंत काळपट झाली तर ओल भिंतीतून येते.

उपाय साधा. घराच्या मधातली, दोन्हीकडून खोली असलेली भिंत निवडा, कूलरच्या झोताबाहेर, उन्हाच्या तिरिपेबाहेर. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाचे बोटभर जाडीचे गुटके लावा म्हणजे फ्रेम अन् भिंत यात हवा खेळते. जुन्या चपलेचा रबर कापून लावतात काही लोक, तो नका लावू, रबरात गंधक असतो अन् गंधक चांदीचा वैरी आहे.

दुसरं : हार, कुंकू अन् ओला फडका

हे बोलायला जरा जड जातं, घरातल्या मोठ्या बाया लगेच नाराज होतात, पण बोलावं लागते. ताज्या फुलांचा हार फ्रेमच्या वरच्या पट्टीवर ठेवला की त्याचं पाणी पट्टी अन् काच यांच्या फटीतून थेट आत उतरते. कुंकू, अष्टगंध काचेवर लावलं की ते पुसायला ओला फडका येतो, अन् फडक्याचं पाणी ओघळून खालच्या फटीत जमा होते. त्यात पितर येतात भादव्यात, म्हणजे घरातली हवा आधीच ओली असते, फोटो आधीच फुगलेला असतो, अन् आपण नेमका तेव्हाच तो उतरवून ओल्या फडक्यानं घासून पुसतो.

मी घरच्यांना एवढंच म्हणतो की हार घाला पण कापडाचा नाहीतर सुक्या फुलांचा, अन् काच पुसायची तर कोरड्या सुती कापडानं, फारच मळ असेल तर कापड किंचित दमट करून फक्त मधात, कडेपासून दोन बोटं लांब. कॉलिनसारखा स्प्रे काचेवर सरळ मारायचा नाही, कापडावर मारायचा, तोही फ्रेमपासून दूर जाऊन.

तिसरं : मागची बाजू उघडून पाहणे

इथून पुढं पकड, चाकू, स्वच्छ चादर अन् कोरडे हात लागतात. दिवस कोरडा निवडा, दिवाळीनंतरचा उत्तम. पावसाळ्यात फ्रेम उघडूच नका, जिलेटीन तेव्हा नरम असतं अन् नुसत्या बोटाचा ठसा कायमचा बसतो.

फ्रेम काच खाली करून चादरीवर ठेवा. मागची खाकी पट्टी चाकूनं कापा, चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीनं एक एक काढा, हातोडी नको. मागचं प्लाय किंवा हार्डबोर्ड उचला. त्याच्या खाली काय निघेल याचा नेम नाही, जुना पेपर, कॅलेंडरचं पान, कोणाची तरी लग्नपत्रिका, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, फ्रेमवाल्याच्या हाताला लागलं ते. हे फेकू नका. पेपरवरच्या तारखेवरून फ्रेम कधी झाली ते कळते. पण परत आतही घालू नका, कारण असा हलका पुठ्ठा अन् वर्तमानपत्राचा कागद काळानं आम्ल सोडतो, तेच फोटोत उतरून तपकिरी डाग पडतात, अन् वरून तो ओल धरून ठेवतो ते वेगळंच.

फोटोची पाठ दिसली की थांबा अन् वाचा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, गावाचं नाव, जे असेल त्याचा फोटो घ्या. नागपूरजवळच्या कामठीच्या कुठल्याशा स्टुडिओचा शिक्का सापडला की मला जेवढा आनंद होतो तेवढा नवीन लेन्स आल्यावरही होत नाही, तिथं १८२१ पासून फौजेची छावणी आहे, सुट्टीवर निघालेला शिपाई आधी स्टुडिओत जायचा अन् मग गावाकडं यायचा.

चौथं : काच अन् फोटो यात फट आहे का

बहुतेक वेळा नसते. फ्रेमवाल्यानं काच ठेवली, तिच्यावर फोटो उपडा ठेवला, मागून पुठ्ठा दाबला अन् चुका ठोकल्या. आता विचार करा, कागद चारही कडांना आवळलेला आहे अन् ओलीनं फुगला, जाणार कुठं? मधातून फुगारा धरतो अन् काचेला टेकतो. पोर्ट्रेटमध्ये मधात काय असते, चेहरा. म्हणून पहिले चेहराच चिकटतो.

फोटो सुटा असेल, कुठंच चिकटला नसेल, तर इथंच काम होऊन जातं. फोटोभोवती माउंट बोर्डची चौकट टाका, दीड-दोन मिलिमीटर जाडीची, म्हणजे काच फोटोला टेकणारच नाही. बोर्ड ॲसिड-फ्री मागायचा, तालुक्याला मिळत नाही, नागपूरला आर्ट मटेरियलच्या मोठ्या दुकानात विचारा नाहीतर ऑनलाइन मागवा. पाठीमागेही तोच बोर्ड. फोटो बोर्डाला फेविकॉलनं किंवा सेलोटेपनं चिकटवायचा नाही, चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात फोटोचे कोपरे बसवायचे, अल्बममध्ये असतात तसे, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. काच आतून कोरडी पुसून, तासभर तशीच ठेवून मग बसवा.

अन् लॅमिनेशन? गावोगावी दिसते, "खराब होऊ नये म्हणून" केलेलं. मूळ फोटोचं कधीही नाही. गरम होऊन चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही.

पाचवं : चिकटला आहे का, न ओढता कसं ओळखायचं

फ्रेममधून काच अन् फोटो एकत्रच बाहेर काढा, काच खाली. फोटोचा एकही कोपरा नखानं उचलायचा नाही. बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्या अन् काच व फोटो यांच्यामधून एका कडेनं सरकवा, जोर न लावता, ती आपणहून जाईल तेवढीच. जिथं अडली तिथं थांबा, पेन्सिलीनं वेगळ्या कागदावर खूण करा, दुसऱ्या कडेनं घाला. असं चारही बाजूंनी केलं की चिकटलेल्या भागाचा नकाशा तयार होतो. टॉर्चमध्ये दिसलेले ओले डाग अन् हा नकाशा जुळला तर चिकटला आहे. डाग दिसत होता पण पट्टी आरपार गेली तर तो भाग नुसता टेकून गुळगुळीत झालाय, फोटो सुटा आहे, चौथ्या पायरीवर जा.

सहावं : फोटो कोणत्या जातीचा

पुढचा निर्णय यावर आहे म्हणून पाहायचं. पन्नास एमएमची जुनी लेन्स घरात असेल तर अपर्चर पूर्ण उघडा, पुढची काच डोळ्याकडे अन् माउंटची बाजू फोटोकडे धरा, झकास भिंग होते. चित्र बारीक छापील ठिपक्यांचं दिसलं तर तो छापखान्याचा कागद आहे, फोटो नाही. रंगीत शाईचे फवारे दिसले तर अलीकडचं इंकजेट प्रिंट. ठिपके काहीच नाहीत, पाठ कागदी, जाडसर, खरखरीत, तर जुना फायबर कागद. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर तो रेझिन कोटेड, म्हणजे १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. आता १९४४ साली ब्रह्मदेशात लढलेल्या माणसाचा फोटो प्लास्टिकच्या पाठीचा निघाला तर सरळ आहे, ही कोणीतरी नंतर स्टुडिओतून काढलेली कॉपी आहे. मग घाबरायचं कारण निम्मं कमी झालं. पेटी उघडा, फौजेचे कागद, डिस्चार्ज बुक, पेन्शनची फाइल, त्यात मूळ छोटा फोटो सापडतो बऱ्याचदा, अन् तो फ्रेममध्ये नसल्यामुळं चांगल्या हालतीत सापडतो.

अजून एक पाहा, ओठ, गाल, पदकांच्या फिती रंगवल्यात का. हातानं रंगवलेले फोटो तेव्हा लय चालायचे. त्यातले बरेच रंग पाण्यात सुटतात, म्हणून अशा फोटोला पाण्याचा थेंबही नको.

सातवं : बुरशी अन् कसर

बुरशी साफ करताना एन-९५ मास्क घाला, दमेवाल्यानं हे काम करूच नये. घराबाहेर, सावलीत, वारा नसताना. आधी ओली आहे की सुकलेली ते पाहा, काडीच्या टोकानं कडेच्या एका ठिपक्याला हलकेच स्पर्श करा, लेपासारखी पसरली तर ओली आहे, पुडीसारखी उडाली तर सुकली. ओलीला हात लावायचा नाही, फोटो सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. उन्हात टाकू नका, कागद गुंडाळी मारतो अन् थर तडकतो. सुकल्यावर पाठ अन् काच साफ करा, मऊ ब्रशनं, झाडत न्यायचं, घासायचं नाही. चित्राच्या बाजूला जाळी असेल तर मी सांगेन की सोडा. बुरशीनं तिथलं जिलेटीन खाऊन पोकळ केलेलं असते, ब्रशसोबत चित्र येते.

कसरीसाठी फ्रेमेत डांबराच्या गोळ्या, गॅमेक्सिन, कडुलिंबाचा ओला पाला हे सगळं घालून पाहिलेलं असते लोकांनी. गोळ्यांचा वास माणसालाही वाईट अन् फोटोलाही, पाला तर स्वतःच ओल आणतो. कसर ओलीमागं येते, ओल गेली की ती जाते. फ्रेमच्या मागची फट कागदी टेपनं नीट बंद करा, एवढं पुरे. उधईची, म्हणजे वाळवीची, मातीची नळी मात्र दिसली तर फोटो आधी घराबाहेर अन् भिंतीचा बंदोबस्त नंतर.

आठवं : चिकटलाच असेल तर

ओढायचा नाही. पातं घालायचं नाही, दोरा फिरवायचा नाही, हेअर ड्रायर नाही, फ्रीजमध्ये नाही, वाफ नाही. जिलेटीन एकदा काचेला धरलं की त्याची काचेवरची पकड कागदावरच्या पकडीपेक्षा जास्त असते, म्हणून ओढलं की कागद हातात येतो अन् चेहरा काचेवर राहतो. आर्वीकडच्या एका घरी मला काच वेगळी अन् फोटो वेगळा असं आणून दाखवलं होतं, फोटोवर फेटा, खांदे, पदकं सगळं जागेवर, मधात पांढरा कागद, अन् काचेवर उलटा चिकटलेला चेहरा, एक डोळा फाटलेला. त्याच्यावर मी काही करू शकलो नाही.

"पाण्यात टाकलं की सुटते" हे सांगणारा प्रत्येक गावात एक असतो. काही जातीचे फोटो जाणकार लोक पाण्यानं सोडवतात हे खरं आहे, पण ते आधी चाचण्या करतात. बुरशी लागलेलं जिलेटीन पाण्यात विरघळते, हातचे रंग वाहतात, इंकजेट तर क्षणात जाते.

मग घरी काय करायचं, तर काचेतूनच चांगली कॉपी काढायची. यात मी वेळ घालतो, तुम्हीही घाला. काच बाहेरून साफ करा. फोटो काचेसकट टेबलावर, काच वर करून, खाली सपाट पुठ्ठा, पालटताना पुठ्ठा अन् काच दोन्हीकडून एकत्र धरा. खिडकीचा उजेड एका बाजूनं तिरपा यावा, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा. घरातले सगळे लाइट बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर वरून. सरळ आहे का हे पाहायला काचेवर छोटा आरसा ठेवा, व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधात दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर कॅमेरा तिरपा आहे. मग काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढं धरा, म्हणजे काचेत छताचं अन् तुमच्या शर्टाचं प्रतिबिंब येत नाही. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लोक हटकून लावतात, सरळ समोरून काढताना त्याचा विशेष फायदा नाही, काळं कापडच खरं. पन्नास ते साठ एमएमची कुठलीही लेन्स, मॅक्रो असली तर उत्तम, एफ ८, कमीत कमी आयएसओ, दोन सेकंदाचा टायमर, रॉ फाइल. फोकस हातानं, डोळ्यांवर, कारण ऑटोफोकस काचेवरच्या धुळीला धरतो.

चिकटलेला भाग गडद अन् बाजूचा फिक्कट दिसणारच, तो उजेड बदलून जात नाही, नंतर कॉम्प्युटरवर तेवढा भाग वेगळा निवडून उजळ करावा लागतो. त्यासाठी एकच फ्रेम थोडी जास्त अन् थोडी कमी एक्स्पोजरची पण घेऊन ठेवा.

पूर्ण फोटो झाला की जवळून तुकडे घ्या, टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं, बटणं, बाहीवरच्या पट्ट्या, पदकं. घरच्यांना रेजिमेंट आठवत नसते, "मिल्ट्रीत होते" एवढंच माहीत असते, अन् सगळी ओळख या बोटभर जागेत असते. टोपीवर आडव्या मशीनगनींवर भीमा कोरेगावचा स्तंभ दिसला तर तो महार रेजिमेंटचा जुना बिल्ला, ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली अन् पुढं स्तंभाच्या जागी खंजीर आला. बिल्ल्यावर किंवा बटणावर राजाचा मुकुट असेल तर गणवेश १९५० च्या आधीचा, त्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. पाठीवर कोणी "जमादार" लिहिलं असेल तर तेही कामाचं, कारण १९६५ साली त्या हुद्द्याचं नाव नायब सुभेदार झालं. चिकटलेला डाग पुढच्या वर्षी बिल्ल्यापर्यंत पोचला तर हे सगळं जाईल, म्हणून आजच काढून घ्या.

कॉपी झाली की तिचं चांगलं प्रिंट करून तेच भिंतीवर टांगा. हार त्यालाच, कुंकू त्यालाच, कूलरही त्याच्यावर चालू द्या. मूळ फोटो काचेसकट, काच खाली करून, साध्या कागदात गुंडाळून कपाटाच्या मधल्या खणात आडवा ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, नारंगी रंगाच्या. निळ्या नको, त्यात कोबाल्ट असते. रंग बदलला की पुड्या तापवून परत वापरता येतात. तांदळाच्या डब्यात ठेवायची आयडिया येईल कोणाच्या तरी डोक्यात, त्यातून भुसा अन् सोंडे दोन्ही मिळतात.

इथं थांबा अन् जाणकाराला बोलवा

काच फुटली आहे अन् फोटो तुकड्यांना चिकटला आहे. तुकडे उचलू नका, काचेच्या बाहेरच्या बाजूनं टेप मारून ते आहेत तिथंच धरून ठेवा. चित्राच्या बाजूला बुरशी आहे. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतोय. फोटो हातानं रंगवलेला आहे अन् चिकटला आहे. फोटोचा कागद गडद तपकिरी अन् लय पातळ आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळातला वाटतो. किंवा घरात त्या माणसाचा हा एकच फोटो आहे, दुसरा कुठंच नाही, तेव्हाही. यातलं एक जरी लागू पडलं तर कॉपी काढून हात मागं घ्या. मी पण घेतो.

जाणकार म्हणजे फोटो स्टुडिओवाला नव्हे अन् फ्रेमवालाही नव्हे, तो कागद अन् फोटो यांचं संवर्धन शिकलेला माणूस पाहिजे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इनटॅक संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे. जवळचं म्हणाल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जाऊन विचारा की इकडं हे काम कोण करते. आधी फोन, मग आडव्या टॉर्चमधले फोटो, पाठीचा फोटो, मापं अन् बटर पेपरचा तो नकाशा पाठवा. त्यावरून ते सांगतील की आणायचा की नाही. खर्च आधी विचारा, अन् "सुटेलच" अशी खात्री देणाऱ्यापेक्षा "पाहावं लागेल" म्हणणाऱ्याकडं द्या.

न्यायची वेळ आली तर काच खाली, फोटो वर, दोन्हीकडून जाड पुठ्ठा, सुतळीनं सैल बांधून. एसटीत वरच्या फळीवर नाही, मांडीवर, आडवाच.